कप्पा नसलेल्या तबकड्या

वरातीत बँडवाल्याने नागिन सुरू केली की एक मामा रुमालाचं टोक दातांत धरून गारुडी होतो आणि दुसरा भर रस्त्यात लोळून नाग होतो. त्या धूनमधलं वाद्य कोणतं असं विचारलं, तर दोघंही पुंगी म्हणतील. पण पुंगी तिथे नव्हतीच. १९५४ सालच्या 'नागिन' चित्रपटात, हेमंतकुमारांच्या संगीतात, ती बीन वाजवली कल्याणजींनी. तीही क्लॅव्हिओलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या छोट्याशा कीबोर्डवर. म्हणजे आपल्याकडच्या वऱ्हाडी मंडळींना इलेक्ट्रॉनिक संगीतावर नाचायला लागून सत्तर वर्षं होऊन गेली. त्यांना ते कुणी सांगितलं नाही, एवढंच.

हे आधी सांगून टाकलं, कारण या पुस्तकाचा विषय कळला की समोरचा माणूस ठरलेलं काहीतरी बोलतो. 'ते आपल्यासाठी नाही बुवा', किंवा 'म्हणजे ते डीजेवालं का?' डीजे म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीतली डॉल्बीची भिंत, खिडक्यांच्या काचा थरथरवणारी. मलाही तिचा त्रास होतो. पण ज्या यंत्रांमधून ते आवाज निघतात त्यांचाही एक इतिहास आहे, आणि त्या इतिहासात काही अशा तबकड्या आहेत की त्या निघाल्या तेव्हा कुणी ऐकल्या नाहीत. वीस-तीस वर्षांनी कुणीतरी त्यांच्यावरची धूळ पुसली आणि मग जगभर त्यांचं कौतुक झालं. पुढचे लेख त्या तबकड्यांविषयी आहेत.

लेख कसे झाले तेही सांगतो. दादरला एका मित्राच्या घरी आम्ही सहा-सात जण महिन्यातून एकदा जमायचो. नियम एकच होता. एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, मध्ये बोलायचं नाही आणि फोन चपलांच्या स्टँडवर ठेवायचा. ऐकून झाल्यावर कांदाभजी आणि भांडणं. त्या भांडणांच्या टिपणांतून हे लेख झाले. त्यामुळे त्यांत समीक्षकाची शिस्त सापडणार नाही, आणि काही ठिकाणी भज्यांचा वास येईल.

पहिल्याच बैठकीत जो अल्बम लावला होता, त्याच्यापासूनच सुरुवात करतो, कारण सगळा प्रश्न त्या एका तबकडीत साठलेला आहे. चरणजीतसिंग हे मुंबईच्या चित्रपटसंगीतात वर्षानुवर्षं वाजवणारे वादक. बास गिटार, ट्रान्झिकॉर्ड म्हणजे विजेवरचं अकॉर्डियन, पुढे सिंथेसायझर. 'दम मारो दम'च्या मागे जो धुरकट, घुमत राहणारा सूर आहे तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा. स्टुडिओतली शिफ्ट संपली की लग्नसमारंभांत वाजवणारा स्वतःचा ऑर्केस्ट्रा. आणि चित्रपटगीतांच्या धून वाद्यांवर वाजवलेल्या एलपी. या एलपी एकेकाळी घराघरांत होत्या. पाहुणे जेवत असताना लावायच्या, म्हणजे बोलण्यात व्यत्यय येत नाही.

१९८२ साली या गृहस्थांनी एक वेगळाच उद्योग केला. तो काळ आठवा. 'कुर्बानी' येऊन दोन वर्षं झाली होती, नाझिया हसनचं 'डिस्को दीवाने' घरोघरी वाजत होतं आणि 'डिस्को डान्सर' त्याच वर्षी आला. ज्याला त्याला डिस्को हवा होता. चरणजीतसिंगांच्या मनात आलं, राग घ्यावेत, तबला काढून टाकावा आणि त्या जागी डिस्कोचा ठेका ठेवावा. सिंगापूरहून आणलेली रोलंड कंपनीची तीन यंत्रं त्यांच्याकडे होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बासचं यंत्र. त्यांवर दहा राग वाजवून त्यांनी एलपी केली. एचएमव्हीने ती काढली. नाव ठेवलं 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. बाजारात ती पडली. कुठे टीका झाली, वाद झाला, असंही नाही. नुसतीच पडून राहिली.

आता त्या तिसऱ्या यंत्राकडे जरा जवळून बघू. टीबी-३०३ म्हणजे चंदेरी प्लास्टिकची, जेवणाच्या डब्याहून फार मोठी नसलेली पेटी. वरच्या बाजूला एका ओळीत सहा छोटी गोल बटणं, खाली एका सप्तकाच्या पट्ट्यांचं चित्र वाटावं अशी दाबायची बटणं. रोलंडच्या तादाओ किकुमोतो यांनी ते बनवलं. उद्देश साधा होता, एकट्याने रियाझ करणाऱ्या गिटारवाल्याला बासची साथ मिळावी. पण त्यातून बास गिटारचा आवाज काही केल्या निघेना. निघायचा तो रबरी, चिवट, मधूनच बेडकासारखा ओरडणारा आवाज. शिवाय त्यात स्वर भरणं म्हणजे डोक्याला ताप. आधी सगळे स्वर एकामागून एक भरायचे, मग पुन्हा पहिल्यापासून त्यांचा काळ भरायचा. एक चूक झाली की सगळी ओळ सरकलीच. गिटारवाल्यांनी हात जोडले. साधारण दहा हजार नग निघाले आणि १९८४ पर्यंत कंपनीने त्याचं उत्पादन बंद केलं.

पण या पेटीत एक गंमत होती. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना 'स्लाइड' लावला की स्वर उडी मारत नाही, सरकत जातो. त्याला मींड म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण मींडेत मधल्या श्रुतींवर किती रेंगाळायचं हे वादकाच्या हातात असतं. इथे ते यंत्राने ठरवून टाकलेलं असतं. पण सतारवाले ज्याला घसीट म्हणतात, तिच्या कुळातली ही चीज आहे. आणि या पेटीतल्या एका ओळीला जास्तीत जास्त सोळा घरं. तीनतालाच्या मात्रा सोळा, हे बघून आमच्या बैठकीतला एक तबलावादक मित्र उडालाच होता. हा निव्वळ योगायोग आहे, तिथली सोळा घरं म्हणजे पाश्चात्त्य चार मात्रांचे चार-चार तुकडे. पण सोळांत हिशेब करायची सवय असलेल्या माणसाला ही पेटी परकी वाटली नसणार, असं मला अजूनही वाटतं.

शास्त्रीय संगीतवाल्यांचा आक्षेप इथे येणारच, आणि तो खोटा नाही. भैरवाचा आंदोलित रिषभ बारा पट्ट्यांत बसवायचा कसा? हाच आक्षेप एकदा हार्मोनियमवर घेतला गेला आणि १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दाराबाहेर ठेवलं. महाराष्ट्राने मात्र पेटीला कधीच घराबाहेर काढलं नाही. संगीत नाटक पायपेटीवर उभं राहिलं, गोविंदराव टेंब्यांसारख्या माणसाने हार्मोनियमला मैफलीत मान मिळवून दिला. पट्ट्यांच्या मर्यादा माहीत असूनही त्यांतून रागाचा भास उभा करायचा, ही कला आपल्याला ओळखीची आहे. चरणजीतसिंगांनी तेच केलं, फक्त भात्याच्या जागी वीज होती.

तबकडीवर राग येतात ते असे: भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी. समयचक्राचा पार चुराडा. सकाळच्या ललित आणि तोडीच्या मध्ये रात्रीचा भूप! अर्थात मराठी माणसाला भूपाळी म्हटलं की पहाटच आठवते, त्यामुळे ते तितकंसं खटकत नाही. मालकंसाच्या पाठोपाठ बैरागी, म्हणजे मध्यरात्र उलटली की थेट सकाळ. डिस्कोत रात्र काढलेल्याला हे वेळापत्रक अगदी बरोबर वाटेल.

ऐकताना काय होतं? ठेका सुरू होतो तो थेट यंत्राचा, सरळसोट, न थकणारा. खाली बासची एकच ओळ घोटून घोटून फिरत राहते. वर ज्युपिटर रागाचे स्वर गुंफत जातो, वेगात, जवळजवळ द्रुत गतीतल्या तानांसारखा. पहिल्या मिनिटात हसू येतं. दुसऱ्या मिनिटात लक्षात येतं की बासची न हलणारी ओळ षड्जाला धरून बसली आहे आणि तानपुऱ्याचं काम करते आहे. आणि मग तो भैरव भैरवासारखाच वाटायला लागतो. उगाच भक्तीपोटी लिहीत नाही, दहाही तुकडे सारखे जमलेले नाहीत. लय जवळपास एकच, लांबीही साधारण सारखीच, त्यामुळे सहाव्या-सातव्या रागापर्यंत कान कंटाळतात. यमनाला तर या घाईत श्वासच मिळत नाही. भैरव, मधुवंती आणि कलावती हे माझे. मालकंसावरून आमच्यात जे भांडण झालं ते पुढे त्या लेखात आहे.

वीस वर्षं ती तबकडी धूळ खात होती. २००२ साली एदो बाउमन नावाचा एक डच संग्राहक दिल्लीत जुन्या रेकॉर्डच्या दुकानात हिंदी चित्रपटसंगीताच्या तबकड्या चाळत होता. त्याच्या हाताला ही लागली. त्याने ती ऐकली आणि तो चक्रावला, कारण जो आवाज त्याच्या कानांनी शिकागोतला म्हणून साठवला होता तो मुंबईत आधीच वाजून गेला होता. त्याने चरणजीतसिंगांना मुंबईत शोधून काढलं आणि २०१० मध्ये 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या लेबलवरून तबकडी पुन्हा काढली. युरोपातल्या काही रसिकांना ती थाप वाटली. हल्लीच कुणीतरी बनवून जुनी म्हणून खपवतो आहे, अशी शंका उघडपणे बोलली गेली. मग सत्तरीतल्या चरणजीतसिंगांना युरोपात कार्यक्रमांसाठी बोलावणी आली आणि ते गेलेही. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचं निधन झालं.

शिकागोचा संबंध असा. तिथल्या फ्यूचर या त्रिकुटाने सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळालेली टीबी-३०३ घेतली, तिची गोल बटणं पार टोकापर्यंत पिळली आणि १९८७ मध्ये 'ॲसिड ट्रॅक्स' काढलं. त्यातून ॲसिड हाउस नावाचा नृत्यसंगीताचा प्रकार रूढ झाला. साहजिकच २०१० नंतर मथळे आले की ॲसिड हाउसचा शोध मुंबईच्या सरदारजींनी पाच वर्षं आधीच लावला होता.

इथे मला थांबून वाद घालायचा आहे. आपल्याकडे असा मथळा दिसला की छाती फुगते. विमानही आपणच आधी उडवलं होतं, त्याच चालीवर. पण शिकागोच्या त्या मुलांनी ही एलपी ऐकलेली नव्हती आणि चरणजीतसिंगांना नवा प्रकार काढायचा नव्हता. एकच पेटी दोन शहरांत गेली, दोघांनी आपापल्या गरजेने तिच्यातून आवाज काढला. मुलांना यंत्राचा किंचाळा हवा होता, चरणजीतसिंगांना राग वाजवायचा होता. 'पहिला' ही पदवी देऊन आपण त्या तबकडीला पुन्हा चुकीच्याच कप्प्यात टाकतो. आधी तिच्यावर 'वाद्यसंगीत, किरकोळ' अशी चिठ्ठी होती, आता 'ॲसिड हाउस, आद्य' अशी आहे, आणि दोन्ही चिठ्ठ्या तबकडी ऐकायच्या आधीच चिकटवलेल्या.

माझ्या मते ती मुंबईच्या वादकांच्या परंपरेतली तबकडी आहे. ही परंपरा मोठी आहे आणि तिची नावं कव्हरवर क्वचितच छापली गेली. गोव्याहून आलेले, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकलेले अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसूझा. पारशी घरातले केरसी लॉर्ड, ज्यांनी सिंथेसायझर चित्रपटसंगीतात रुळवला. ग्रेगरी बूथ यांनी २००८ साली 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक या वादकांवर लिहिलं तेव्हा कुठे त्यांच्या मुलाखती एकत्र आल्या. ही माणसं सकाळी एका संगीतकाराकडे, दुपारी दुसऱ्याकडे, समोर येईल ते वाजवत. नवं यंत्र आलं की ते शिकून घ्यायचं, कारण उद्या कुणीतरी तोच आवाज मागणार. अशा एका कसलेल्या कामकऱ्याने एकदा स्वतःच्या मर्जीने, कुणीही न मागितलेलं काही वाजवलं, म्हणून मला ती तबकडी मोलाची वाटते.

दुकानात मात्र तिला जागा नव्हती. शास्त्रीयच्या कप्प्यात ठेवावी तर दुकानदाराला शिव्या, डिस्कोच्या ठेवावी तर त्यात गाणं नाही. आणि एलपीचाच काळ संपत आला होता. पुढच्या चार-पाच वर्षांत स्वस्त कॅसेटने बाजार व्यापला आणि तबकड्या माळ्यावर गेल्या. या पुस्तकातल्या बहुतेक अल्बमांची गोष्ट अशीच आहे. हरवलं असं त्यांतलं फारसं काही नव्हतं, सगळं कुठे ना कुठे पडलेलं होतंच. ठेवायला कप्पा नव्हता, इतकंच.

अहमदाबादचं उदाहरण तर थक्क करणारं आहे. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीत, १९६९ साली मूग सिंथेसायझर आला आणि अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. त्यामागे सर्वांत ठळक नाव गीता साराभाईंचं. पखवाज वाजवणाऱ्या या बाईंनी १९४६ मध्ये न्यू यॉर्कला संगीतकार जॉन केजला भारतीय संगीत समजावून दिलं होतं. त्या स्टुडिओत त्यांच्यासह आय. एस. मथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी काम केलं. काही वर्षांत स्टुडिओ बंद पडला, टेप संस्थेच्याच संग्रहात राहिल्या. २०१७ साली लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांना त्या मिळाल्या आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या. म्हणजे मध्ये पन्नास वर्षं गेली. हे सगळं मुंबईहून रातोरात पोचता येईल अशा गावात घडलं, आणि आमच्या बैठकीतल्या कुणीही पन्नाशीपर्यंत त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं.

बाहेरच्या अल्बमांविषयी इथे थोडक्यातच लिहितो, पुढे त्यांच्यावर स्वतंत्र लेख आहेत. कॅनडात बेव्हर्ली ग्लेन-कोपलँड यांनी १९८६ साली यामाहा डीएक्स-७ आणि रोलंडचं टीआर-७०७ यांच्या साथीने 'कीबोर्ड फँटसीज' ही कॅसेट केली. दोनशेच्या आसपास प्रती काढल्या, त्यांतल्या थोड्याच खपल्या. २०१५ मध्ये जपानमधल्या एका रेकॉर्डविक्रेत्याने, उरलेल्या प्रती मिळतील का, असं विचारलं आणि तिथून चक्रं फिरली. तेव्हा ग्लेन-कोपलँड सत्तरी ओलांडलेले होते. मॉर्ट गार्सन यांच्या 'मदर अर्थ्स प्लांटेशिया'ची गोष्ट तर विनोदी आहे. १९७६ चा हा अल्बम झाडांनी ऐकावा म्हणून केलेला. लॉस एंजेलिसच्या एका दुकानात घरातली शोभेची रोपं घेतली की सोबत मिळायचा. रोपं कधीच वाळून गेली असतील, अल्बम २०१९ मध्ये पुन्हा निघाला. आमच्या मित्राच्या मनीप्लँटला आम्ही तो ऐकवला. फरक दिसला नाही.

या शोधांत एक गोष्ट मला बोचते. शोधणारा बहुतेक वेळा बाहेरचा असतो. बाउमनला दोष देण्यात अर्थ नाही, त्याने ती एलपी उचलली, आपण उचलली नाही. आणि आपण म्हणजे मीच. काकांच्या निधनानंतर त्यांच्या खोलीतलं सामान आवरायला मी गेलो होतो. पलंगाखाली दोन खोक्यांत तबकड्या होत्या. भीमसेन, कुमार, माणिक वर्मा मी बाजूला काढल्या. 'वाद्यावर वाजवलेली गाणी' दिसली की कव्हरही न वाचता रद्दीच्या ढिगात टाकत गेलो. ऑर्गनच्या, गिटारच्या, सिंथेसायझरच्या किती होत्या, कुणी वाजवल्या होत्या, मला आज सांगता येणार नाही. रद्दीवाल्याने किलोवर नेल्या. त्यांत काही अनमोल होतं असा माझा दावा नाही. मी पाहिलंच नाही, हे दुखणं आहे.

आपल्या हवेत तर घाईही आहे. मुंबई-कोकणच्या दमटपणात तबकडीवर बुरशी धरते, चुंबकीय टेपचा थर ओलावा शोषून चिकट होतो आणि वाजवायला गेलं की खरवडून निघतो. जाणकार अशी टेप ठरावीक, अगदी मंद उष्णतेवर कित्येक तास तापवून एकदा वाजण्याजोगी करतात आणि तेवढ्या वेळात तिची प्रत करून घेतात. ब्रिटनमध्ये डेलिया डर्बिशर या बीबीसीतल्या इलेक्ट्रॉनिक संगीतकर्तीच्या मृत्यूनंतर त्यांच्या माळ्यावर २६७ टेप सापडल्या. त्या कुणीतरी वेळेवर सांभाळल्या. आपल्याकडे माळे कमी नाहीत. पोटमाळेही आहेत.

म्हणून दोन विनंत्या. घरात कुणी ऑर्केस्ट्रात, बँडमध्ये, बेंजो पार्टीत, आकाशवाणीवर वाजवत असेल, तर माळ्यावरच्या कॅसेट रद्दीत देण्याआधी त्यांच्यासमोर बसा आणि प्रत्येकीवर वाजवणाऱ्याचं नाव आणि साल पेन्सिलीने लिहून ठेवा. आवाज उतरवून घेणं नंतरही जमेल. नाव सांगणारा माणूस नंतर असेलच असं नाही.

दुसरी विनंती हे पुस्तक वाचण्याविषयी. प्रत्येक लेखाआधी तो अल्बम ऐका, माझं मत मागाहून वाचा. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. एवढ्याशा जाळीतून बास बाहेरच येत नाही, आणि चरणजीतसिंगांच्या भैरवात षड्ज त्या बासकडेच आहे.